पाण्याला नाव सांगायचं

कामतघर, भिवंडी
२६ ऑक्टोबर २०२५

पूर्वी बाय,

आजी लिहिते. हात माझाच हाय, कुणाकडून लिहून घेतलेलं न्हाय. दुसरीपर्यंत जेवढं शिकवलं तेवढ्यावर चाललंय, चुका काढत बसू नको. घरात फोन हाय, मला ठाऊक हाय. पण फोनवर तू बोलायला लागलीस की तुझी आय बाजूला उभी राहून पदर डोळ्याला लावते, तू तिकडून नाक ओढतेस, आणि दोघी एकमेकींना सांगता, सगळं बरं हाय. मला वीट आला. कागदावर नाक ओढता येत न्हाय, तेव्हा तू माझ्याशी कागदावर बोल.

भाऊबीजेला तू तुझ्या आयला, विनिताला म्हणालीस, नोकरी सोडून घरी येते. का, तर करमत न्हाय. ऑफिस ते हॉस्टेल, हॉस्टेल ते ऑफिस. मी विचारलं होतं, पणजीला एवढी मोठी नदी हाय, कशी हाय? तू म्हणालीस, खिडकीतून दिसते. खिडकीतून तर टीव्हीतली पण दिसते, त्याला पणजीला कशाला जायचं?

धामणकर नाक्यावर त्या टेम्पोवाल्यानं न बघता गाडी मागे घेतली आणि तू चाकाच्या खुर्चीत बसलीस, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तुझा बाप तुला काचेची बरणी समजतो. तुला नोकरीला पाठवायला मी त्याच्याशी दिवाळीपासून होळीपर्यंत भांडले. इथली खिडकी सोडून तिथल्या खिडकीत बसावीस म्हणून न्हाय भांडले.

आपल्या घरची रीत विसरलीस. बाई नव्या जागी राहायला गेली की पयलं तिथल्या पाण्याला हात लावते आणि नाव सांगते. मग ते पाणी परकं राहत न्हाय. तू ऑगस्टपासून तिथं, आणि पाण्याला अजून तुझं नाव ठाऊक न्हाय. मग करमेल कसं?

तेव्हा ऐक. हात लाव, नाव सांग, मग खुशाल ये. तुझ्या बापाला, मनोजला मी स्वतः गाडी घेऊन पाठवते. हात न लावता आलीस तर मी दार उघडणार न्हाय. तुझी आय उघडेल, ती गोष्ट वेगळी. मी बोलणार न्हाय.

जवळा पाठवलाय, चांगला सुकलेला. तिथल्या पोरींना वास आला तर सांग, आजीनं अत्तर पाठवलंय. तुझी जुनी खुर्ची चादर टाकून कोपऱ्यात ठेवली हाय, तिच्यावर मांजर झोपतं.

हौसा


पणजी
३ नोव्हेंबर २०२५

आजी,

पत्राच्या आधी जवळ्याचा वास माझ्या मजल्यावर पोहोचला. माझी रूममेट रूपा म्हणाली, हे अत्तर असेल तर मी संन्यास घेते. रात्री तिनेच दोनदा मागून खाल्लं.

काल रविवार होता, गेले नदीवर. हसू नकोस, मला हॉस्टेलच्या फाटकाबाहेर एकटीने पडायला एवढे महिने लागले. नदी खिडकीतून दिसते तेवढी जवळ नाही. किनाऱ्याला लागून फिरायला लांबलचक फूटपाथ आहे. त्यावर चढायला एका टोकाला उतार आहे, दुसऱ्या टोकाला पायरी. म्हणजे मी जिथून चढते तिथूनच मला परत यायचं. त्या उतारावरही काल कुणीतरी स्कूटर लावून ठेवली होती. एका माणसाला हाक मारून ती बाजूला करायला लावली. तो म्हणाला, "तुमच्या बरोबर कोण आहे?" आजी, सगळे हेच विचारतात. कुठे चाललीस, हे कुणी विचारत नाही.

आणि कठडा. त्याचा आडवा पाइप बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येतो. उभी माणसं त्याच्यावर कोपरं टेकून नदी बघतात. मला वर आकाश दिसतं, खाली कडेचं पाणी आणि तरंगणाऱ्या बाटल्या. मधली नदी, जिथून होड्या जातात, ती पाइपच्या मागे. मान वर केली, खाली केली, शेवटी कुणी बघेल म्हणून सोडून दिलं.

पण एक जागा सापडली. फेरीबोट लागते तिथे सिमेंटचा रुंद उतार थेट पाण्यात जातो. पायरी नाही, कठडा नाही. स्कूटर, सायकली, भाजीवाल्या, सगळे त्याच्यावरून बोटीत जातात. काल पाणी फार खाली होतं, खालचा भाग हिरवा दिसत होता, म्हणून मी वरच थांबले. पाणी वर असेल तेव्हा गेले तर हात लागेल.

भरती कधी ते मोबाइलवर मिळतं, पण मला तू सांग. मला कमरेवर घेऊन तुझ्या माहेरी, काल्हेरच्या खाडीच्या बंधाऱ्यावर न्यायचीस आणि बोट दाखवून सांगायचीस, आता बघ पाणी कसं वळतं, तशी सांग.

पूर्वी


कामतघर
१० नोव्हेंबर २०२५

पूर्वी बाय,

स्कूटर बाजूला करायला लावलीस, बरं केलंस. पुढच्या वेळी "बरोबर कोण" विचारलं की सांग, तुम्हीच आहात, ढकला.

मोबाइल काय सांगणार भरतीचं? त्याचे पाय कधी चिखलात गेलेत? मी सांगते. अष्टमीला पाणी आळशी असतं, ना धड चढत, ना धड उतरत. पुनव-अवसेला उधाण. ही अवस येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी हाय. अर्ध्या दिवसाची रजा घे. ऊन डोक्यावरून जरा कललं की पाणी पुरं भरतं आणि थोडा वेळ थांबतं, जेवून अंग टाकलेल्या माणसासारखं. तेव्हा गाठ. पोटभर जेवून निघ, घाई करू नको. काल्हेरला मी पोर होते तेव्हापासून हे बघते, एकदा चुकलेलं न्हाय.

मी लग्न होऊन कामतघरला आले ती खाडी सोडून तळ्यावर आले. वऱ्हाळाच्या तळ्याला हात लावला आणि नाव सांगितलं. मेलं ढिम्म हललं न्हाय. मी तुझ्या आजोबांना, चांगदेवला म्हटलं, हे कसलं पाणी, ना येतं ना जातं. चांगदेव काठावर पोट धरून हसत होता. म्हणाला, तुझ्या माहेरचं पाणी दिवसातनं दोनदा घर सोडून पळतं, हे निदान नांदतं. वर्षभर मला ते पाणी आपलं वाटलं न्हाय. पण हात लावला होता, म्हणून पळून न्हाय गेले.

खालच्या गाळ्यातले लूम कालपासून बंद हायत, कारागीर गावाला गेलेत. एवढी शांतता की झोप येत न्हाय. तू असतीस तर म्हणाली असतीस, आजी, तूच खडखड कर.

हात लावलास की लगेच लिही.

हौसा


पणजी
२१ नोव्हेंबर २०२५

आजी,

तुझं गणित चुकलं.

मोबाइलवर भरती जेवणाच्या आधीची दाखवत होती. मी बघितलं होतं. तरी तुझं ऐकलं. जेवले, ऊन कलू दिलं आणि तू सांगितलंस तशी घाई न करता गेले. पाणी निघून गेलं होतं. वरून वाटलं, थोडंच तर खाली आहे. ब्रेकवर हात ठेवून उतरायला लागले. ओलं सिमेंट संपून शेवाळ कधी सुरू झालं ते कळलं नाही. खुर्ची घसरली, आडवी झाली आणि पुढची चाकं कडेच्या चिखलात रुतली. पडले नाही. पडले असते तर बरं, असं वाटलं, कारण मग निदान काहीतरी झालं असतं. मी नुसती तिथे बसून राहिले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पाणी समोर, हात पुरणार नाही एवढंच लांब.

फेरीवरचे दोघे धावत आले आणि मला खुर्चीसकट उचलून वर नेलं, सुताचं गाठोडं नेतात तसं. विचारलंही नाही. त्यांनी चांगलंच केलं, मी आभार मानले. बोटीची वाट बघणारे सगळे बघत होते. एक मुलगी मोबाइल धरून होती.

मी रडले ते त्यासाठी नाही. चिखलाचा वास काल्हेरच्या चिखलाचा होता. अगदी तोच. निवटे मासे धरायला जायचो आणि तू माझे पाय खाडीतच धुऊन काढायचीस, तो. तो वास नाकात आला आणि मला इथलं काही नको झालं.

मी राजीनामा लिहून ठेवला आहे. डिसेंबर संपला की देणार. तुझी अट मोडली असं समज. दार आई उघडेल, तू बोलू नकोस. मी कोपऱ्यात बसेन.

पूर्वी


कामतघर
१४ डिसेंबर २०२५

पूर्वी बाय,

पत्राला उशीर झाला. घरात कामं होती. फोनवर माझं तोंड बघितलंस ना, ते होतं तसंच वाकडं हाय, तेव्हा बाकीची चौकशी पुरे.

चूक माझी. लिहून देते, जपून ठेव, पुन्हा मिळायची न्हाय. तुझं पत्र आलं तसं मी काल्हेरहून लडकूला बोलावून घेतलं. म्हातारा अजून होडी काढतो. त्याला सगळं वाचून दाखवलं. तर तो मलाच हसला. म्हणाला, हौसाताई, तुम्ही पोरीला आपल्या खाडीची वेळ दिलीत. आपल्याकडे पाणी वसईकडून शिरतं, वळणं घेत, गाळ तुडवत दमून भागून येतं. तिचा समुद्र तिच्या दाराशी. तिचं पाणी येऊन, जेवून, परत जायला निघतं, तेव्हा कुठं आपलं चढायला लागतं.

सारा जन्म पाणी बघितलं, पण एकाच दारातून बघितलं. मला वाटलं, सगळीकडचं पाणी माझ्या दारातनंच जातं.

तेव्हा आता नीट ऐक. पौषाची पुनव ३ जानेवारीला, शनिवारी हाय, तुला सुट्टी. सकाळी जा, जेवणाआधी. मोबाइलचं पण बघ. त्याचं आणि लडकूचं जुळलं तरच जा, माझं राहू दे.

आणि तू तोंड पुढं करून उतारावरून उतरलीस, तिथंच चुकलीस. पुढची चाकं मेली बारकी, जिथं फट दिसेल तिथं अडकतात, आणि उतारावर माणूस पुढं कलंडतो. पाठमोरी उतरायचं. मोठी चाकं आधी जाऊ दे. आणि हातात ओला फडका ठेव, चाकाची कडी भाजते तळव्याला. दार ओलांडताना कोपर आत घे, न्हाय तर चौकट सोलून काढते. मागनं धरायला माणूस लागला तर बोलाव, पण त्याला आधीच सांग, काय करायचं आणि काय न्हाय. उचलायचं न्हाय म्हणावं, धरायचं. न सांगता लोक उचलतातच. माणूस खाली बसला की लोकांना वाटतं त्याला तोंड न्हाय.

तुझा बाप मला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं म्हणतो. मी न्हाय म्हटलं. कुठं जायचं न्हाय मला. खिडकीतून सगळं दिसतं.

मांजरानं दुसरी जागा धरली, आता पिठाच्या डब्यावर झोपतं.

राजीनामा फाडू नको, पण देऊ पण नको. शनिवार होऊ दे.

हौसा


पणजी
४ जानेवारी २०२६

आजी,

हात लावला.

मोबाइलचं आणि लडकूकाकांचं जुळलं. सकाळी गेले. मागच्या वेळी मला उचलणाऱ्या दोघांतला एक फेरीवर होताच, दीपेश नावाचा. मला बघून धावत यायला लागला. मी हात वर करून थांबवलं आणि सांगितलं, उचलायचं नाही, फक्त मागून धरायचं, आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. तो म्हणाला, "कुठे जायचंय?" आजी, इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं. मी म्हटलं, पाण्यापर्यंत.

पाठमोरी उतरले. समोर सगळं शहर, घरं, रस्ता, माझं हॉस्टेल, आणि नदी पाठीमागे. ती दिसली नाही, आधी ऐकू आली. चाकांशी चुळुक चुळुक. मी थांब म्हटलं. बाजूला वाकून हात खाली सोडला तर मनगटापर्यंत बुडाला. गार होतं. मी म्हटलं, मी पूर्वी, मनोजची मुलगी, काल्हेरच्या हौसाची नात. दीपेशने ऐकलं असणार. मग बोट चाटून बघितलं. आपल्या खाडीपेक्षा जास्त खारट आहे.

आणि तेवढ्यात बोट लागली, तर मी तिच्यात चढले. ठरवलं नव्हतं. पलीकडे जाऊन परत आले. बोटीच्या तोंडाशी पाइप नाही, नुसती साखळी, तीही गुडघ्याएवढी. मधली नदी बघितली. सगळी.

आता तुझं. तू माझ्या खुर्चीत बसली आहेस.

पाठमोरं उतरायचं मला हॉस्पिटलात शिकवलं होतं आणि मी घाबरून विसरले. तुला कुणी शिकवलं? चौकट कोपर सोलते, कडी तळव्याला भाजते, हे मांजर सांगत होतं का? तुझ्या ओळी आधी सरळ असायच्या, आता सगळ्या उजवीकडे खाली घसरतात. आडवं पडून लिहिल्यासारख्या. मी आईला फोन केला, विचारलं, आजी पडली का? आई एवढा वेळ गप्प बसली की कळलं. तू दम भरला होतास, म्हणून ती खोटं बोलली नाही आणि खरंही बोलली नाही.

मला राग आला. मग "खिडकीतून सगळं दिसतं" हे पुन्हा वाचलं आणि रागाचं काय करायचं ते कळेना.

राजीनामा फाडला. घरी यायला मी आता मोकळी आहे, तूच म्हणालीस. आणि मला यायचं आहे आजी, रोज. मोठी झाले तरी तुझ्या कमरेवर बसून बंधाऱ्यावर जायचं आहे, आणि ते आता कुणाच्याच कमरेला जमणार नाही. पण माझीही अट आहे. काल्हेरच्या पाण्याला हात लाव, मग मी येते. न लावता बोलावलंस तर येणार नाही. बाबांना सांग ढकलायला. काय करायचं आणि काय नाही, ते आधी सांग.

पूर्वी


कामतघर
१९ जानेवारी २०२६

पूर्वी बाय,

पकडलंस. शहाणी झालीस, आता मला घरात काही लपवता येणार न्हाय.

मोरीत पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं. आत सळी घातली हाय. डॉक्टर म्हणतो, चालाल पण, जरा धीर धरा. जरा म्हणजे किती, विचारलं तर औषधाचा कागद पुढं करतो. तुझ्या आयला मी शपथ घातली होती, पूर्वीला बोलू नको. आणि माझ्यासाठी नाक ओढायचं न्हाय. तुझ्या खुर्चीचं डावं चाक कुरकुरतं ते तीन वर्षांत तू कधी सांगितलं न्हायस, त्यावर मी रागावले हाय.

काल अवस होती, रविवार. मनोजला म्हटलं, चल काल्हेरला. तो म्हणाला, "आय, तिथं आता काय हाय? गोदामं आणि ट्रक." म्हटलं, गोदामांच्या मागं पाणी हाय का पळालं? त्यानं गाडी काढली.

रस्ता मला ओळखू आला न्हाय. जिथं आमची भातं होती तिथं पत्र्याच्या भिंती, एवढ्या उंच की उन्हं पडत न्हाईत. बंधाऱ्यापर्यंत गाडी जात न्हाय, तिथून मनोजनं ढकललं. पयल्या खड्ड्यात तो मला पुढं तोंड करून घालत होता. मी ओरडले, पाठमोरी कर! तुझ्या पोरीला विचार कसं उतरतात ते! तर तिथं मधेच उभा राहिला आणि म्हणाला, "आय, अपघातानंतर पूर्वीला मी इथं एकदा पण आणली न्हाय गं. ती विचारायची." एवढंच. मी म्हटलं, आता रडू नको, तुझे हात सुटतील आणि मी खाडीत जाईन. ढकल.

पाणी भरलेलं होतं. माझ्या वेळेला, बरोबर. काठाला रंगाचा फेस होता आणि वास म्हणशील तर तुझ्या आठवणीतला चिखल कमी, औषधासारखं काहीतरी जास्त. खुर्चीतून माझा हात पुरेना. मनोज म्हणाला, "मी ओंजळीत आणतो." म्हटलं, माहेर हाय माझं, पाहुणीला देतात तसं पाणी आणून देऊ नको, खुर्ची तिरकी कर. त्यानं चाकाखाली दगड लावला, मला खांद्याला धरलं. बोटं बुडली. तुझ्यासारखी मनगटापर्यंत न्हाय, पण बुडली.

नाव सांगायची गरज नव्हती. तरी सांगितलं. त्या पाण्यानं बघितलेली हौसा उंच होती, डोक्यावर पाटी आणि कमरेवर तू. ही बुटकी कोण म्हणून त्यानं विचारलं असतं.

घरी आल्यावर विनिता साबण घेऊन धावली. रात्रीपर्यंत मी हात धुतला न्हाय. सांगू नको कुणाला.

तुझी अट झाली. आता ये. पण परतीचं तिकीट आधी काढायचं आणि आल्या आल्या मला दाखवायचं. तुझ्या तिथल्या पाण्याला तुझं नाव ठाऊक हाय, ते वाट बघेल. माघी पुनव रविवारी हाय, १ फेब्रुवारीला. काल्हेरला पाणी दुपारी चढेल, जेवून निघू. तिथल्या वेळा मी कधी सांगणार न्हाय, ही मात्र माझी हाय.

काल निघताना मनोजला म्हटलं, बंधाऱ्याची रुंदी बघून ठेव. त्यानं चाकापासून चाकापर्यंत दोरी धरली, मग तीच दोरी बंधाऱ्यावर टाकली, एकदा, आणि तिच्याशेजारी पुन्हा. माझी कोपरं आत घ्यावी लागतील, तुझी पण. मधे मुंगी जायला जागा उरत न्हाय.

पण दोन खुर्च्या मावतात.

हौसा